काट्यावरचे दोन हंगाम: शेतमाल खरेदीच्या एका सॉफ्टवेअरचे परीक्षण

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने शेतमाल खरेदीसाठी घेतलेले सॉफ्टवेअर आता दोन हंगाम वापरून झाले आहे. सोयाबीन, तूर आणि हरभरा या तिन्ही पिकांची खरेदी दोन-दोनदा त्यावरून गेली, त्यामुळे त्याविषयी ठामपणे काही लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. आमचे गोदाम यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. पत्र्याचे छप्पर, समोर धरमकाटा, काट्याला लागून पश्चिमेकडे तोंड असलेली छोटी केबिन, केबिनमध्ये एक संगणक, एक प्रिंटर आणि एक इन्व्हर्टर एवढाच पसारा आहे. गावी परतण्यापूर्वी मी काही वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून काम केले. या सॉफ्टवेअरची निवड, चाचणी आणि स्वीकृती ही तिन्ही कामे संचालक मंडळाने म्हणूनच माझ्याकडे सोपवली होती. विक्रेत्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे ते या जातीच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये निघू शकतात, आणि त्यांतील अनेक दोषांना खरेदीदार म्हणून आम्हीही जबाबदार आहोत.

आधी जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. सभासदाचे खाते सातबारा आणि बँक पासबुकावरून एकदा उघडले की पुन्हा कागद मागावे लागत नाहीत. भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन काट्याच्या इंडिकेटरवरून केबलने थेट संगणकात येते, कारकुनाला आकडा हाताने टाकताच येत नाही, आणि या एका सोयीने आमच्याकडची अर्धी भांडणे संपली. ओलावा, माती, काडीकचरा आणि डागी दाणे यांची कपात ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे आपोआप निघते. आमचा नियम असा आहे की सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनातून १ टक्का कपात व्हावी. समजा ट्रॉलीतील निव्वळ माल ३२ क्विंटल ६० किलो निघाला आणि मीटरने ओलावा १४.५ टक्के दाखवला, तर कपात अडीच टक्के, म्हणजे ८१ किलो ५०० ग्रॅम होते. पूर्वी हा हिशेब कॅल्क्युलेटरवर होई, कधी ८० किलो कापले जात, कधी ८५, आणि ज्याचे ८५ कापले गेले तो कास्तकार वर्षभर ते विसरत नसे. आता पावतीवर ओलाव्याचा आकडा, नियम आणि कपात या तिन्ही गोष्टी एकाखाली एक छापून येतात. हमाली आणि बारदाना वेगळा दाखवला जातो. सायंकाळी दिवसभराचा तक्ता निघतो आणि पैसे थेट खात्यात पाठवण्यासाठी बँकेला द्यायची एनईएफटीची फाइलही तयार होते.

स्वीकृतीच्या दिवशी मी या सगळ्या कामांची बारकाईने चाचणी घेतली. ओलावा बरोबर १२ टक्के असताना कपात शून्यच राहते का, १२.१ झाल्यावर ती सुरू होते का, एकाच ट्रॉलीत दोघा भावांचा माल असेल तर तो दोन खात्यांत नीट विभागला जातो का, रिकामी गाडी चुकून भरलेल्या गाडीपेक्षा जड नोंदली गेली तर सॉफ्टवेअर अडवते का, रद्द केलेल्या पावतीचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही ना, असे जे जे सुचले ते सर्व तपासले. एकही चूक सापडली नाही. मी समाधानाने स्वीकृतिपत्रावर सही केली. ती सही घाईची होती, हे पहिल्याच सोयाबीनमध्ये कळले.

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार होता. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मेटॅडोर यांची रांग गोदामाच्या फाटकातून डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. काट्यावर गाडी चढली, वजन स्थिरावले, कारकुनाने नोंद जतन करण्याचे बटण दाबले आणि पडद्यावर ते वाट पाहायला लावणारे चक्र फिरू लागले. ट्रॉलीवर चुंगड्यांच्या थप्पीवर बसलेले एक वयस्क कास्तकार खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "काटा झाला न जी, मंग पावती काहून नाही निघून राहिली?" कारकून म्हणाला, "थांबा न काकाजी थोडं, नेट नाही घेऊन राहिलं." मी मोबाइलमधले स्टॉपवॉच लावून पुढच्या दहा गाड्या मोजल्या. सर्वांत लवकर निघालेल्या पावतीला १८ सेकंद लागले होते, सर्वांत उशिरा निघालेलीला ७० पेक्षा जास्त, आणि बहुतेक वेळा पन्नासच्या आसपास आकडा येत होता. ऐकायला पन्नास सेकंद थोडे वाटतात. परंतु भर हंगामात दिवसाला ६० गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी भरलेली व रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते, म्हणजे १२० नोंदी होतात. नोंदीला ४ सेकंद लागले तर दिवसभरात ८ मिनिटे जातात, ५० सेकंद लागले तर १०० मिनिटे. त्या १०० मिनिटांत हमाल बसून राहतात, ट्रॅक्टरचे भाडे चढत जाते आणि शेवटच्या पंधरा-वीस गाड्या रात्री अंधारात रिकाम्या कराव्या लागतात.

कपातीचा हिशेब त्याही दिवशी बरोबर होता, वजनही बरोबर होते. माझ्या चाचणीतील प्रत्येक गोष्ट त्या सोमवारी पुन्हा तपासली असती तर ती पुन्हा उत्तीर्णच झाली असती, आणि तरीही रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने सॉफ्टवेअर नापास होते.

टेस्टिंगच्या धंद्यात या भेदाला जुनी नावे आहेत. सॉफ्टवेअरने काय करावे, हे सांगणारी ती फंक्शनल रिक्वायरमेंट. ते काम किती वेगाने, किती भरवशाने, किती सुरक्षितपणे आणि कोणत्या परिस्थितीत करावे, हे सांगणारी ती नॉन-फंक्शनल. ओलाव्याची कपात काढणे ही पहिली गरज झाली. ती साठाव्या गाडीलाही पहिल्या गाडीइतक्याच वेळात काढणे, लाईन गेली तरी काढणे आणि निघालेला आकडा सहा महिन्यांनी वाचता येईल असा छापणे, या दुसऱ्या प्रकारच्या गरजा झाल्या. 'नॉन-फंक्शनल' या नावाबद्दल मात्र माझी जुनी तक्रार आहे. ऐकणाऱ्याला वाटते की ही कामाबाहेरची, वरकड गोष्ट असावी, आधी मुख्य काम होऊ द्या, मग सवडीने बघू. मराठीत तिला 'अकार्यात्मक' म्हटले की अर्थ आणखीच बिघडतो, कारण त्यातून 'काम न करणारी' असे काहीतरी ऐकू येते. आमच्या मंडळाच्या सभेत मी 'गुणाची गरज' हा शब्द वापरतो आणि तो सर्वांना लगेच समजतो. बैल औत ओढतो हे त्याचे काम झाले. पण बैल घेताना कोणताही कास्तकार त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, तो बुजरा आहे का हे विचारतो आणि शक्य असेल तर दोन तास औताला जुंपून मगच पैसे मोजतो.

आंतरराष्ट्रीय मानकही याच दिशेने बोलते. सॉफ्टवेअरच्या दर्जाविषयीच्या आयएसओ/आयईसी २५०१० या मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत दर्जाची आठ मुख्य वैशिष्ट्ये दिलेली आहेत. त्यांतले फक्त एक, म्हणजे नेमून दिलेली कामे पूर्ण, अचूक आणि योग्य रीतीने होणे, हे फंक्शनल बाजूचे आहे. उरलेली सात कार्यक्षमता, इतर यंत्रणांशी जुळवून घेणे, वापरसुलभता, भरवसा, सुरक्षितता, देखभाल-सुलभता आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येणे यांविषयी आहेत. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत माणसाला इजा होऊ न देण्यासंबंधीचे नववे वैशिष्ट्य जोडले गेले. म्हणजे स्वीकृतीच्या दिवशी मी आठांपैकी एकच घर तपासले होते, आणि तेवढ्यावर सही केली होती.

हे असे का झाले, हे शोधताना मी आमचेच मागणीपत्र पुन्हा काढून वाचले. कामांची यादी त्यात साडेचार पाने होती आणि ती आजही मला चांगली वाटते. गुणांविषयी मात्र शेवटच्या पानावर एकच वाक्य होते: "सॉफ्टवेअर जलद, सुरक्षित व वापरण्यास सोपे असावे." हे वाक्य विक्रेत्याने मोडले असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही आणि त्याने ते पाळले असेही सिद्ध करता येणार नाही, कारण त्यात मोजण्यासारखे काहीच नाही. जे मोजता येत नाही त्याची चाचणी घेता येत नाही, आणि ज्याची चाचणी घेता येत नाही त्यावर पैसे अडवून धरता येत नाहीत. विक्रेत्याच्या माणसाने फोनवर शांतपणे हेच सांगितले. त्यांच्या कार्यालयात पावती तीन सेकंदांत निघत होती आणि ते खोटे बोलत नव्हते.

त्यांच्याकडे तीन आणि आमच्याकडे पन्नास, या फरकाचे कारण शोधायला दोन दिवस गेले. नोंद जतन करताना सॉफ्टवेअर दर वेळी सभासदांची संपूर्ण यादी दूरच्या सर्व्हरवरून मागवत होते. डेमोच्या वेळी त्या यादीत वीस नावे होती, आमच्या यादीत अकराशेच्या वर आहेत. शिवाय दुपारी आमच्या गावात मोबाइलचे नेटवर्क ओढल्यासारखे चालते, त्यामुळे जी यादी शहरात डोळ्याची पापणी लवते न लवते तोच येई ती येथे रखडत येई. माहितीचा आकार आणि नेटवर्कची अवस्था या दोन गोष्टी चाचणीत खऱ्यासारख्या ठेवल्या नाहीत तर वेगाची चाचणी घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. मोठमोठ्या यंत्रणांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी उभारलेले हेल्थकेअर.गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी लोटलेल्या गर्दीपुढे कोलमडले. तेथे पैशाची किंवा तंत्रज्ञांची वाण नव्हती, पण खऱ्या गर्दीच्या प्रमाणात पुरेशी चाचणी झालेली नव्हती.

विक्रेत्याने हा दोष दुरुस्त केला, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. सभासदांची यादी आता केबिनमधल्या संगणकातच राहते, नोंद आधी तेथे जतन होते, पावती लगेच निघते आणि नेट मिळेल तेव्हा नोंद मागाहून सर्व्हरवर जाते. आता मोजलेला वेळ ३ ते ५ सेकंद आहे. दुरुस्ती यायला मात्र सोयाबीनचा हंगाम जवळजवळ संपला होता.

दुसरा दोष विजेचा होता आणि तो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. एका संध्याकाळी भरलेली ट्रॉली काट्यावर असताना लाईन गेली. इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. पडद्यावर त्या गाडीची नोंद दिसेना, म्हणून कारकुनाने ती पुन्हा केली. प्रत्यक्षात पहिली नोंद सर्व्हरवर पोहोचली होती, फक्त तिची पोच परत आली नव्हती. एका ट्रॉलीच्या दोन पावत्या झाल्या. रात्री गोदामातला साठा आणि पुस्तकातला साठा जुळेना, पुस्तकात ३१ क्विंटल जास्त दिसू लागले. आम्ही चौघे बॅटरीच्या उजेडात थप्पी मोजत होतो. बँकेची फाइल अजून गेली नव्हती म्हणून निभावले, नाहीतर एकाच मालाचे पैसे दोनदा गेले असते आणि ते परत मागायला एखाद्या सभासदाच्या दारात जावे लागले असते. गावात ही गोष्ट आकड्यांपुरती राहत नाही.

विक्रेत्याचे पहिले उत्तर होते की वीजपुरवठा हा त्यांच्या कक्षेतला विषय नाही. हे मला मुळीच मान्य नाही. लाईन टिकवून ठेवण्याची जबाबदारी त्यांची नाही हे खरे, पण लाईन गेल्यावर नोंदीचे काय व्हावे हे ठरवण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. पडल्यानंतर पूर्वीच्या ठिकाणाहून नीट उठणे हा भरवशाचाच भाग आहे आणि वर सांगितलेल्या मानकात त्याला वेगळे स्थान दिलेले आहे. उपायही अवघड नाही. प्रत्येक नोंदीला काट्यावरच एक खूणक्रमांक द्यावा आणि तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हरने ती नवी नोंद न मानता जुनीच समजावी. तशी दुरुस्ती झाल्यावर मी तिची चाचणी एकाच रीतीने घेतली: नोंद जतन करण्याचे बटण दाबायचे आणि संगणकाची वायर भिंतीतून ओढून काढायची. वीस वेळा, कधी बटण दाबताच, कधी पावती अर्धी छापली गेल्यावर. वीसही वेळा एकच नोंद राहिली. पुण्यात असताना याच चाचणीसाठी आम्ही खास साधने वापरत असू. येथे ओढलेल्या वायरीने तेवढेच काम केले.

तिसऱ्या दोषाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरशी संबंधित आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. वऱ्हाडे, कुऱ्हाडे यांसारखी आडनावे आमच्या भागात घरोघरी आहेत. या नावांतला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'ह' अशी चिन्हे येतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह आणि त्यानंतर 'ह' येतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. आमची जुनी यादी एका कळफलकावर टाइप झालेली होती आणि कारकून दुसऱ्या कळफलकावर शोधत होता. त्यामुळे खाते असूनही "सभासद सापडला नाही" असे उत्तर येई आणि कारकून निरागसपणे नवे खाते उघडून देई. हंगामाच्या शेवटी एकाच माणसाची दोन खाती, दोन्हींत अर्धा-अर्धा माल, आणि बोनस काढताना दोन्ही खाती किमान मर्यादेच्या खाली, असा प्रकार तीन कुटुंबांच्या बाबतीत झाला. त्यांतल्या एका मावशी पावत्यांची घडी पदरात बांधून घेऊन कार्यालयात आल्या आणि सगळ्या पावत्या टेबलावर ओळीने मांडून म्हणाल्या, "पाहा बरं भाऊ, नाव त सगळ्याईवर एकच हाये न?" नाव खरोखरच एक होते. त्यांना कळफलकाचा भेद समजावून सांगण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही खाती एकत्र केली आणि फरक त्याच आठवड्यात दिला.

हा दोष कोणत्या रकान्यात टाकावा, यावर माझा आणि विक्रेत्याच्या तंत्रज्ञाचा बराच वाद झाला. तो म्हणे की ही भाषेच्या सोयीची, म्हणून गुणाची बाब आहे आणि ती करारात नाही. मी म्हणे की नावावरून सभासद सापडणे हे काम करारात लिहिलेले आहे आणि ते काम येथे होत नाही. खरे पाहता दोन प्रकारांमधली भिंत पुस्तकात दिसते तितकी जाड नाही. सुरक्षितता ही गुणाची गरज म्हणावी तर तिच्यातून पासवर्ड, परवानग्या आणि नोंदवही अशी कितीतरी कामे निघतात. शोध हे काम म्हणावे तर तो कोणत्या कळफलकावर चालावा हा गुणाचा प्रश्न होतो. वर्गीकरणाचा उपयोग कोणती गरज लिहायची राहून गेली हे शोधण्यापुरता करावा, दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यासाठी करू नये, असे माझे मत आहे. माझी चूक अशी की शोधाची चाचणी मी पाटील, राठोड आणि जाधव या नावांवर घेतली होती. त्या नावांत हा प्रश्न उद्भवतच नाही. वऱ्हाडात राहून मी 'वऱ्हाडे' टाकून पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पावतीचे सांगतो. सोबत मिळालेला प्रिंटर थर्मल कागदाचा होता, झटपट आणि आवाज न करणारा. हरभऱ्याची खरेदी एप्रिलपर्यंत चालते आणि तेव्हा आमच्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. ट्रॅक्टरच्या टपावर किंवा बंडीच्या खिशात घामात राहिलेली थर्मल पावती आठवडाभरात काळवंडते नाहीतर कोरी होते, कारण तो कागदच उष्णतेने रंग बदलणारा असतो. वजनाचा एकमेव पुरावा असा नाहीसा होणे योग्य नाही. आम्ही जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुन्हा काढला, तो करकरतो खरा, पण कार्बनची प्रत राहते आणि अक्षर वर्षभर टिकते. सॉफ्टवेअरला त्या प्रिंटरशी जुळवून घ्यायला एक महिना लागला.

सुरक्षिततेत सुधारणेला जागा आहे. सुरुवातीला दैनिक तक्त्यावर प्रत्येक सभासदाचा आधार क्रमांक पूर्ण छापला जात असे आणि तो तक्ता गोदामाच्या फळ्यावर लागत असे. आता शेवटचे चारच अंक दिसतात. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाल्यानंतर तरी असे तक्ते कोणत्याही संस्थेने लावू नयेत. कारकून आणि व्यवस्थापक यांना वेगळे पासवर्ड आहेत, पण कोणी कोणती पावती रद्द केली याची नोंद अजून नीट दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा संचालकांपैकी काहींना दुसरे सॉफ्टवेअर घ्यावेसे वाटत होते. मी विरोध केला. कपातीचा आणि हिशेबाचा गाभा इतका चोख असलेले दुसरे काही माझ्या पाहण्यात आले नव्हते, आणि मागणीपत्र तसेच ठेवून विक्रेता बदलला असता तर नव्या माणसाकडून तेच दोष पुन्हा विकत घेतले असते. आम्ही करार कायम ठेवला आणि त्याला गुणांचे एक परिशिष्ट जोडले. ते लिहिताना एकच शिस्त पाळली: प्रत्येक वाक्यात आकडा असावा, परिस्थिती असावी आणि मोजण्याची रीत असावी. "जलद असावे" याऐवजी आता तेथे असे वाक्य आहे की १,५०० सभासदांची यादी भरलेली असताना, आमच्या केबिनमधल्या संगणकावर, दुपारी १ ते ५ या वेळेत घेतलेल्या १०० नोंदींपैकी किमान ९५ नोंदींची पावती ५ सेकंदांच्या आत छापायला सुरुवात झाली पाहिजे आणि एकाही नोंदीला १० सेकंदांहून अधिक वेळ लागता कामा नये. सरासरी आम्ही जाणूनबुजून लिहिली नाही, कारण सरासरी चांगली असूनही दहावा माणूस रांगेत ताटकळू शकतो. दहा सेकंदांची मर्यादाही हवेतून घेतलेली नाही. संगणकासमोर बसलेल्या माणसाचे लक्ष साधारण तेवढाच वेळ टिकते, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडले होते आणि आमच्या कारकुनाकडे पाहून ते मला पटते.

त्याचप्रमाणे नेट पूर्ण दिवस बंद असले तरी काटा, पावती आणि सायंकाळचा तक्ता चालू राहिला पाहिजे, लाईन कोणत्याही क्षणी गेली तरी नोंद हरवू नये आणि दोनदाही होऊ नये, नाव दोन्ही प्रकारच्या 'ऱ्ह'ने सापडावे, पावती वर्षभर वाचता यावी, हंगामात सकाळी ८ ते रात्री १० या वेळेत फोन उचलला जावा आणि काटा बंद पाडणारा दोष ४ तासांत दूर व्हावा, असे आम्ही लिहून घेतले. वार्षिक शुल्काचा शेवटचा चौथा हिस्सा या चाचण्या आमच्या काट्यावर, आमच्या यादीवर उत्तीर्ण झाल्यावरच द्यायचा असे ठरले. विक्रेत्याने थोडी घासाघीस करून हे मान्य केले. अशा अटींना किंमत असते, हे येथे सांगितले पाहिजे; शुल्क काहीसे वाढले. चार तासांऐवजी एक तास मागितला असता तर ते आणखी वाढले असते आणि आम्हाला त्याची गरजही नव्हती. गुण मागताना आपल्या कामाला पुरेल तेवढाच मागावा लागतो.

दुसरा हंगाम त्यामुळे वेगळा गेला. सोयाबीनच्या गर्दीत रांग फाटकाच्या आत राहिली, तुरीच्या वेळी दोन दिवस टॉवर बंद होता तरी खरेदी थांबली नाही, आणि वर्षअखेरीस साठा जुळला. फोनची अट मात्र विक्रेत्याने दोनदा पाळली नाही आणि त्या दोन्ही वेळी रविवार होता.

इतर उत्पादक कंपन्यांनी असे सॉफ्टवेअर घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण डेमो त्यांच्या कार्यालयात न बघता आपल्या काट्यावर, आपल्या यादीवर आणि शक्य झाल्यास भर दुपारी बघावा. कामांच्या पूर्णतेसाठी मी याला पाचपैकी साडेचार गुण देतो. गुणांच्या बाजूने पहिल्या हंगामात दोनच दिले असते, आता साडेतीन देतो. राहिलेला दीड गुण रविवारच्या फोनसाठी, रद्द पावत्यांच्या नोंदीसाठी आणि पडद्यासाठी आहे. केबिनचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे चारनंतर ऊन थेट पडद्यावर येते, फिक्या राखाडी पट्टीवरचा पांढरा आकडा अजिबात दिसत नाही आणि कारकुनाला एका हाताने आडोसा धरून दुसऱ्या हाताने काम करावे लागते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे, असे सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ते वाक्य मी यंदाच्या परिशिष्टात घातले आहे आणि विक्रेत्याने नवा पडदा दसऱ्यापूर्वी पाठवण्याचे कबूल केले आहे. तो आला की दुपारी साडेचारला, खिडकी सताड उघडी ठेवून तपासायचा आहे.